घारपुरे सरांवरचे तीन मजले

वाघेरी नगरपालिकेने माणसांनाही टीडीआर, म्हणजे विकास हक्कांचे हस्तांतरण, लागू केला आणि पहिल्याच आठवड्यात निवृत्त मुख्याध्यापक त्र्यंबक घारपुरे यांनी दोन अर्ज भरले. एक स्वतःचा, एक बायकोचा. नियम जमिनीचाच होता. मोकळ्या जागेवर कधीही बांधणार नाही असे लिहून दिले, की तिथले न बांधलेले मजले दुसरीकडे चढवता येतात. तसेच माणसाने, मी आहे तसाच राहीन, असे लिहून दिले की त्याचे व्हायचे राहिलेले दुसऱ्याला मिळे. सरांना ते मुलाला द्यायचे होते. सुधन्वा वकिलीच्या परीक्षेत तीनदा आपटला होता.

आपण निदान आमदार तरी झालो असतो, याबद्दल सरांना तिळमात्र शंका नव्हती. कमलिनीबाईंच्या अर्जात त्यांनी उदार मनाने अर्धा मजला लिहिला होता.

मूल्यांकनाला नगरपालिकेच्या म्हस्के मॅडम आल्या. होऊ शकला असता त्यातून झाला तो वजा करायचा, एवढीच रीत. त्यांनी सरांच्या पाठीवर बोटांनी टकटक केली, टेप लावली, पुन्हा लावली.

"तुमचं शिल्लक काही नाही, सर. उलट तीन मजले जादा आहेत. गणिताचे. ते बाईंचे आहेत."

सर हबकले. तालुकाभर त्यांना गणिताचे घारपुरे म्हणूनच ओळखत. योजना तर आत्ता आली, असे ते कसेबसे म्हणाले. मॅडम म्हणाल्या, कागद आत्ता आला. पूर्वी हे तोंडी होत असे. बाई एम.एस्सी. अर्धवट सोडून लग्न होऊन आल्या, त्याच महिन्यात हस्तांतरण झालेले दिसते. मजले घेणाऱ्याने मूळ जागेवर काही उभे राहत नाही ना, हे मात्र दरवर्षी पाहायचे असते.

"दिवाळीच्या साफसफाईत बाईंच्या गणिताच्या वह्या रद्दीत कोण देतं?"

"मीच," सर म्हणाले. एकेचाळीस दिवाळ्या त्यांनी ते काम न चुकता केले होते. कुणी सांगितलेही नव्हते.

बाईंकडे अजून एक मजला शिल्लक होता. तो मुलाला देऊन आहे तसेच राहायचे, किंवा दिलेले तिन्ही परत मागायचे. दोन्ही करता येत नव्हते. परत मागितले तर सरांवरचे बांधकाम वरून उतरवावे लागणार होते. मॅडमनी बाईंपुढे दोन अर्ज ठेवले, पहिला मुलाला देण्याचा, दुसरा परत मागण्याचा. सर जरा सावरले. पोराच्या बाबतीत ही नाही म्हणणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कमलिनीबाईंनी पदराला हात पुसले आणि दोन्ही अर्ज सावकाश वाचले.

"सुधन्वाने आपलं आपण बांधावं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या अर्जावर सही केली.

उतरवायचे काम लगेच सुरू झाले. संध्याकाळी त्या गणित सोडवत बसल्या असताना सर दारात येऊन उभे राहिले.

"अगं, सात आठे किती?"

मान वर न करता त्यांनी सांगितले, "छप्पन्न."