लवचिक पट्टी आणि ताठ कोपर

आपल्याला घाम आला आहे हे माणसाला कळावे, यासाठी विज्ञानाने फार कष्ट घेतले आहेत. (पूर्वीही कळत असे, पण ते अंदाजे.)

या कामी एका संशोधकांनी सात वर्षे, चारशे बारा पट्ट्या आणि स्वतःचा उजवा कोपर खर्ची घातला. पट्टी बोटभर, कागदासारखी पातळ. कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवली की अंगाचा ओलावा मोजून आकडा मोबाइलवर पाठवणारी. ती पूर्णपणे लवचिक होती. फक्त वाकवली की आकडा भलतीकडे उडायचा.

तीन वर्षे त्यांनी पट्टी सुधारली. चौथ्या वर्षी त्यांना साक्षात्कार झाला, की दोष कोपराचा आहे. मग त्यांनी हात वाकवणेच सोडले. डाव्या हाताने जेवू लागले, शर्टाची बटणे बायकोवर सोपवली. (वरच्या फळीवरचे डबे काढायला तो ताठ हात उत्तम, असे तिचे मत होते.) अचूकता एकसष्टवरून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेली, उरलेले दोन टक्के शिंकांचे. त्यांना स्वतःचेच हसू येई, पण हसताना हात हले, म्हणून तेही बंद केले. शेवटी आकडा एकदम बदलल्यास तो कोपराचा चावटपणा समजून वगळावा, अशी सोयही यंत्रणेत केली.

मग परीक्षण समिती आली. आकडा हलला तर प्रकल्प बंद, असे पत्रात स्पष्ट होते. सात वर्षांत त्यांना दुसरे काहीच येईनासे झाले होते. हात ओंडक्यासारखा पुढे धरून ते उभे राहिले आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"घाम आलाय का हो तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारले.

त्यांनी मोबाइल पाहिला. "छे! सकाळपासून बेचाळीसच. कोरडा आहे मी."

समितीने मोबाइल पाहिला, त्यांच्याकडे पाहिले, पुन्हा मोबाइल पाहिला. 'संशोधक कोरडे असल्याची खात्री केली' अशी नोंद झाली. तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

घरी बायकोने पाठीवर हात ठेवला. "अहो, चिंब भिजलाय की शर्ट! बदला आधी."

त्यांनी आकडा दाखवला.

"अस्सं? मग माझाच हात ओला असेल," ती म्हणाली, आणि तिने हात पुसला. त्यांना मनापासून लाज वाटली. आकडा मात्र बेचाळीसच राहिला.

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त आज सकाळी उठल्यावर, आपली झोप झाली की नाही हे मनगटावरच्या घड्याळात बघून ठरवले असेल, तर जरा बेताने हसावे.