बिनदाराचं ऑफिस

विभागीय रुग्णालयाच्या ऑफिसातली सगळी दारं काढली गेली, तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती. रजा संपवून परत आली तर प्रत्येक खोलीला नुसती चौकट. आधी तिला वाटलं, रंगकाम चाललंय. मग कळलं, नेतृत्व चाललंय.

नवे विभागप्रमुख डॉक्टर नव्हते. त्यांची सगळी हयात मोठमोठी हॉटेलं चालवण्यात गेली होती. त्यांच्या आधीचे साहेब हिशेबनीस होते. त्यांनी दिवे आणि पंखे बंद करत कारभार केला. त्यांच्याही आधीच्या डॉक्टरीणबाई नुसती भुवई उडवायच्या, तेवढ्यावर अख्खं रुग्णालय हलायचं. ह्या साहेबांचं तत्त्व वेगळं. "दार आलं की माणूस लपतो," ते म्हणत, "आणि मला लपणारा माणूस नको." हे ते हसत हसत म्हणत. हॉटेलातलं हसू ते. त्यात स्वागत कुठे संपतं आणि तंबी कुठे सुरू होते, ते कळायचं नाही.

ती जनसंपर्काचं काम बघायची. नोकरी अजून कच्चीच होती. आज दुसऱ्या विभागांचे तीन प्रमुख ही बिनदाराची पद्धत बघायला येणार होते आणि सगळी व्यवस्था तिच्या गळ्यात होती.

"आजचा दिवस नीट पार पाडा," साहेब सकाळी म्हणाले, "मग तुम्हाला कायम करायचं बघू. घरी लहान मूल आहे, म्हणून जरा शंका वाटते, एवढंच."

"बाळाचा काही त्रास नाही, सर. बाळ घरी असतं."

हे खरं होतं. बाळ घरीच होतं. बाळाचं दूध मात्र रोज तिच्याबरोबर ऑफिसला यायचं.

एरवी ती लसीकरणाच्या कोठीत जाऊन गुपचूप दूध काढून आणायची. पण आज त्या कोठीत पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या होत्या. पाहुणे आले, साहेबांबरोबर वॉर्ड बघायला गेले, आणि तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, शेवटची बाटली संपली. डब्यातलं पाजलं तर माझ्या अंगावर फुर्रकन उडवलं. बापाचाच हट्टीपणा घेतलाय."

"आई, मी दुपारी येते ना."

"तू ये नाहीतर नको येऊ, दूध तेवढं पाठव!"

मागून बाळाचा भोंगा ऐकू आला आणि तिच्या शर्टाने ताबडतोब ओल्या डागांनी साद दिली. तिने फाइल छातीशी धरली आणि चहूकडे पाहिलं. सगळीकडे चौकटी. चौकटीतून टेबलं, टेबलांवरून माना, आणि माना सगळ्या तिच्याकडे. ह्या अख्ख्या मजल्यावर कडी असलेलं दार एकच उरलं होतं: साहेबांच्या दालनामागच्या स्वच्छतागृहाचं. ती पर्स घेऊन आत शिरली आणि कडी लावली.

आत बेसिन, बादली, आणि एक घडीची आरामखुर्ची होती. खुर्चीवर उशी. उशीला डोक्याच्या आकाराचा खळगा. शेजारी नीट घडी घातलेलं पांघरूण आणि गजराचं घड्याळ. ती क्षणभर बघतच राहिली. पण विचार करायला वेळ कुणाला होता? तिने उशी मांडीवर घेतली, खुर्चीत बसली आणि पर्समधलं दूध काढायचं यंत्र सुरू केलं.

घर्र-फुस. घर्र-फुस.

वॉर्ड बघायला बराच वेळ लागेल, असा तिचा हिशेब होता. पण पाहुण्यांपैकी एक लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर होते, सगळे त्यांना कर्नल म्हणत. त्यांनी सगळे वॉर्ड कवायतीच्या चालीने उरकले होते. दाराबाहेर पावलं वाजली.

"हे माझं दालन," साहेबांचा आवाज. "इथेही दार नाही. लपायला जागाच ठेवली नाही मी."

"मग ते काय?" हे दुसरे पाहुणे. ते आधी कारखान्यात इंजिनिअर होते.

"ते... ते आपलं स्वच्छतागृह."

घर्र-फुस.

"आणि हा आवाज?"

तिने घाईघाईने यंत्र बंद केलं. ते जास्तच वाईट झालं.

"बंद पडला बघा," इंजिनिअर म्हणाले. "पंप आहे. वॉशर गेलाय त्याचा."

"आत कोण आहे?" कर्नल गरजले. "उत्तर द्या!"

उत्तर देणं म्हणजे सापडणं. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात बटणं, आणि दारापलीकडे तीन विभागांचं आरोग्य.

"दोनदा टकटक करायची आणि शांतपणे वाट बघायची," साहेब घाईने म्हणाले. "आमच्या धंद्यात पाहुण्याला कधीही—"

"आणि तुमच्या धंद्यात पाहुणा आत मेला तर?" तिसऱ्या पाहुण्या म्हणाल्या. ह्या सर्जन होत्या. "कडी आतून आहे, उत्तर नाही. माझे किती पेशंट असे बाथरूममध्येच सापडलेत. स्ट्रेचर मागवा!"

स्ट्रेचर आलं. ऑक्सिजन आला. दोन नर्स धावत आल्या. ऑफिसात दारं नसल्यामुळे बाकीचे सगळेही विनासायास आले. सुतार खुर्च्या दुरुस्त करायला आलाच होता. ह्याच इमारतीतली झाडून सगळी दारं त्यानेच काढली होती, हात चांगला बसलेला होता. बिजागऱ्यांच्या खिळ्या बघता बघता वर आल्या. दाराच्या कडेला उजेडाची एक चीर उमटली.

"थांबा!" ती किंचाळली. "मी शुद्धीत आहे!"

"कोण?"

"मी, सर. जनसंपर्क."

"अहो, पाहुणे इकडे बाहेर आहेत आणि तुम्ही आत काय करताय?"

खोटं बोलायची तिची तयारी होती. पण पोटात दुखतंय म्हणावं तर स्ट्रेचर तयार, आणि चक्कर आली म्हणावं तर ऑक्सिजन. तिने डोळे मिटले.

"बाळासाठी दूध काढतेय, सर."

दारं नसल्यामुळे हे शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

"म्हणजे पंपच होता," इंजिनिअर समाधानाने म्हणाले.

"दार काढू का ठेवू?" सुताराने विचारलं. उत्तराची वाट न बघता दार एका बाजूने कलायला लागलं. तिने उशी छातीशी घट्ट धरली. चीर रुंदावली, आणि त्यातून साहेबांचा एक डोळा दिसला. तो डोळा उशीवर आला. तिथून पांघरुणावर. तिथून गजराच्या घड्याळावर. साहेबांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला.

पुढच्याच क्षणी ते दोन्ही हात पसरून दारावर पडले.

"दार काढायचं नाही! कुणीही हात लावायचा नाही!"

"वा!" सर्जनबाईंचा आवाज दाटून आला. "ह्याला म्हणतात संवेदनशील प्रमुख. अहो, बघत काय उभे राहिलात? खांदा द्या!"

कर्नलांनी एका बाजूने खांदा दिला, इंजिनिअरांनी दुसऱ्या. "तू चालू दे गं तुझं," सर्जनबाई बाहेरून म्हणाल्या. "घाई केलीस तर येणार नाही." तीन विभागप्रमुखांनी पेललेल्या दारामागे तिने मान खाली घालून पुन्हा यंत्र सुरू केलं. घर्र-फुस. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर यंत्रासकट जाऊ, असं तिला वाटत होतं.

फटीतून कुजबुज आली. "ऐकताय ना? ती उशी..."

"हो, सर."

"बादलीमागे. पांघरूणही."

"हो, सर."

"आणि घड्याळ. ते आत्ता वाजेल."

तिने एका हाताने सगळं लपवलं आणि गजर बंद केला.

"ही मुलगी कायम आहे ना तुमच्याकडे?" सर्जनबाईंनी विचारलं.

"आहे, आहे!" दाराच्या ओझ्याखालून साहेब धापा टाकत म्हणाले. "आजपासूनच आहे!"

बाटली ऑफिसच्या गाडीने घरी गेली. पाहुणे भारावून गेले. ती बाहेर आली तेव्हा अख्खं ऑफिस छताकडे बघत होतं, जणू छत आजच बसवलंय.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. "प्यायला, झोपला. तुझं कसं झालं?"

"कायम झाले, आई."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये," ती म्हणाली आणि नाक पुसलं. काय सांगणार होती? ती उशीबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. पण न बोलण्याचीच नोकरी मिळाली, हे तिला पुरतं कळत होतं.

वृत्तांत तिलाच लिहायचा होता. 'एका मातेच्या सन्मानासाठी विभागप्रमुखांनी स्वतःच्या खांद्यावर दार पेललं,' तिने लिहिलं. कान तापले. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं, कारण खोटं त्यात एक अक्षरही नव्हतं.

तिने मान वर केली. समोरच्या रिकाम्या चौकटीतून साहेब दिसत होते. तिच्या नेमणुकीच्या कागदावर सही करता करता त्यांनीही मान वर केली होती. हॉटेलातलं हसू त्यांनी एकदा करून पाहिलं. ते काही जमलं नाही. कानांपर्यंत लाल होऊन दोघांनीही एकदमच माना खाली घातल्या.

मध्ये एक दार असतं तर किती बरं झालं असतं, असं त्या क्षणी दोघांनाही अगदी मनापासून वाटलं.