भगवानमामाच्या दारावर

पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग हाउसमध्ये अर्धा दिवस सुट्टी हवी तर घरात कुणीतरी मरावं लागतं. चेतनने बारडोलीच्या भगवानमामाला मारलं. दुसरं काय सांगणार होता बिचारा? पर्वत पाटियाच्या लॅबमध्ये वीर्य तपासायला द्यायचंय, असं रंगखात्याच्या मास्तरांना सांगण्यापेक्षा मामा मेलेला परवडला.

तपासणी टाळण्यासारखी नव्हती. पहिली मुलगी झटके येऊन येऊन गेली. आजार जन्माचा, पण दोष ना चेतनच्या रक्तात, ना त्याच्या बायकोच्या, गायत्रीच्या. डॉक्टर म्हणाले, कधीकधी तो बापाच्या वीर्यातल्याच काही पेशींत असतो, तपासला की पुढच्या लेकराला किती धोका ते कळतं. ते कळल्याशिवाय दुसरं मूल नको, यावर गायत्री ठाम होती. चेतन मात्र लाजेने अर्धा झाला होता.

शालिग्राम मास्तर धरणगावकडचे. आपल्या माणसाचा मामा गेला आणि दुखवट्याला दारावर बसायला जायचं नाही, हे खानदेशी माणसाला कसं जमावं? चेतन निघाला, आणि मागोमाग मास्तर, शेजारच्या मशीनवरचा गोपाल आणि आणखी दोघे टेम्पोने बारडोलीला पोचले. डोक्याला रुमाल बांधून, माना खाली घालून ओट्यावर बसले. ओट्यावर एक म्हातारा दाढी करत होता. त्यानेही अर्धी दाढी तशीच ठेवून मान खाली घातली. शेवटी न राहवून त्याने हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"भगवानआप्पा."

"कोणते?"

"ह्याच घरचे. आमच्या चेतनचे मामा."

म्हाताऱ्याने तोंडावरचा साबण पुसला आणि गायत्रीला फोन लावला. ती इतकी घाबरली की लॅबचा पत्ता तेवढा सांगून रडायला लागली. भाचा दवाखान्यात आहे आणि आपल्यापासून लपवतोय, एवढंच मामाला उमगलं. तो अर्ध्या दाढीनिशी टेम्पोत चढला.

चेतन आतल्या खोलीतून डबी घेऊन बाहेर आला, तर समोर सगळा कारखाना आणि मयत. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी डबीकडे बोट करून विचारलं, "चेतनभाई, ढांकणुं बराबर बंद कर्युं ने?"

चेतनला वाटलं, जमीन दुभंगावी. मास्तर पंख्याकडे बघू लागले, बाकीचे दोघे चपलांकडे. गोपाल तेवढा भिंतीवरचा तपासण्यांचा तक्ता वाचत राहिला.

"मी कव्हय मरनू रे भाचा?" मामाने स्वतःच्याच मरणाची तारीख विचारली.

चेतनने मान वर न करता सगळं सांगितलं. मुलीचं नाव घेताना तो बाकावर टेकला. मामा त्याच्या शेजारी बसला.

"एवढ्यासाठी माले मारं? लाज वाटायचीच तर माले मारल्याची वाटू दे. ती डबी दे पहिले त्या बाईंना."

रिपोर्ट आला. दोष अगदी थोड्या पेशींत होता. डॉक्टर म्हणाले, धोका कमी आहे, दिवस राहिले की एक तपासणी करू, पण आता थांबायचं कारण नाही. गायत्री बऱ्याच महिन्यांनी हसली आणि इतके दिवस लाजत बसल्याची चेतनला आणखीच लाज वाटली. कारखान्यात तर तो कुणाच्या नजरेला नजर देईना. आता आपली टिंगल होणार, याची तो रोज वाट बघत होता.

एके सकाळी गोपाल मास्तरांपुढे उभा राहिला. लग्नाला बरीच वर्षं होऊन त्याच्याही घरात पाळणा रिकामाच होता.

"मास्तर, उद्या अर्धा दिवस सुट्टी पाहिजे."

"कोण गेलं?"

गोपाल मशीनकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, "बारडोलीचे भगवानमामा."

पलीकडे चेतनने मान वर केली. मास्तरांनी चष्मा पुसला.

"जा," ते म्हणाले. "या खेपेला आम्ही दारावर येत नाही."