भावोजी उदार होते, कशावरून?

मेकॅनिकचा पहिला निबंध मॅडमनी परत दिला तेव्हा त्याच्या समासात जागोजागी एकच शब्द लिहिलेला होता : कशावरून? ‘शिस्त हा मानवी जीवनाचा अलंकार आहे’ या वाक्यापुढे कशावरून? ‘अनादी काळापासून मनुष्य ज्ञानाची उपासना करत आला आहे’ यापुढेही कशावरून? शेवटी ‘म्हणूनच म्हटले आहे’ असं लिहून त्याने निबंध गुंडाळला होता, तिथे ‘कोणी?’ एवढीच पृच्छा होती. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून, केस पिकायला लागल्यावर पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या माणसाला हे फार लागलं. शाळेत असताना याच वाक्यांवर त्याने बक्षीस मिळवलं होतं.

तास संपल्यावर तो टेबलापाशी गेला. मॅडम वयाने त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या.

“सुंदर वाक्यं नकोत मला,” त्या म्हणाल्या. “एक दावा करा. त्याला पुरावा द्या. पुरावा कुठून मिळाला ते सांगा. आणि तुमच्या विरुद्ध जे लोक आहेत, त्यांचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडा. मग त्याला उत्तर द्या.”

“त्यांचं आपण कशाला मांडायचं मॅडम? ते बसलेतच की मांडायला.”

“तुम्ही नाही मांडलंत तर वाचणारा मनातल्या मनात मांडतो. तिथे तुम्ही उत्तर द्यायला नसता.”

हे मात्र त्याला पटलं, आणि उशिरा पटलेल्या गोष्टीचं माणसाला वेड लागतं. घरी बायको म्हणाली, “दूध नासलंय.” तो म्हणाला, “कशावरून?” तिने पातेलं उचलून त्याच्या नाकाखाली धरलं. “हा घ्या पुरावा. आता विरुद्ध बाजू मांडा, आणि चहा करून दाखवा त्याचा.”

अशातच भावोजी गेले. सकाळी कामावर म्हणून निघालेला धडधाकट माणूस परत आलाच नाही. मेकॅनिकच्या मोठ्या बहिणीचे ते यजमान. वीजकंपनीत मीटर वाचायचं काम करायचे, म्हणून सगळी इमारत त्यांना मीटरदादा म्हणायची. इमारतीच्या हॉलमध्ये शोकसभा ठरली.

ताई रडली नव्हती. भेटायला येणाऱ्यांना पाणी देत होती, खुर्च्या सरकवत होती आणि कोणी ‘देवमाणूस गेला’ म्हटलं की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. सगळे गेल्यावर तिने भावाला आत बोलावलं.

“सभेत तू बोल. कॉलेजात जातोस ना? पण देवमाणूस म्हणू नकोस. कंटाळले मी ते ऐकून. मला त्यांच्याबद्दल एक तरी खरी गोष्ट ऐकायचीय. तोपर्यंत मला रडूसुद्धा यायचं नाही.”

लहानपणी त्याला हाताला धरून शाळेत नेणारी ही ताई. आजवर तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे एक मागणं आपण पुरं केलंच पाहिजे, असं त्याने मनाशी पक्कं केलं, आणि तिथेच सगळा घोटाळा सुरू झाला. कारण तो पेन्सिल घेऊन पुरावा गोळा करायला निघाला.

दावा ठरला : भावोजी उदार होते. तो मजल्यामजल्याने फिरला. प्रत्येक दारात ‘देवमाणूस हो!’ असं उत्तर मिळायचं, आणि त्याने ‘कशावरून?’ विचारलं की समोरचा गांगरायचा. सेक्रेटरी तर रागावलेच. “कशावरून म्हणजे? गेले ना ते!”

जरा खोदून विचारलं की मात्र वेगळंच निघायचं. जिन्याखाली भेटलेल्या सुताराने इकडेतिकडे बघत सांगितलं, “बोलू नये, पण माझं ड्रिल मशीन नेलं होतं त्यांनी. आलं नाही परत.” शिंपीणबाईंचा टेबलफॅन नेला होता. कंपाउंडरची शिडी नेली होती. विरुद्ध बाजूने कागद भरून गेला आणि दाव्याच्या बाजूला एक ओळ पडेना. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण मेकॅनिकला वाटलं, आपण विरुद्ध बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडू, की उत्तर आपोआप सुचेल. वर त्याने मॅडमनाही बोलावलं. विद्यार्थ्याचं दुःख म्हणून बिचाऱ्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या.

फोटोला हार घातला होता. ताई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. सेक्रेटरींनी ‘देवमाणूस’ तीनचारदा म्हटलं आणि माइक मेकॅनिकच्या हातात दिला.

“प्रस्तुत भाषणाचा दावा असा,” त्याने सुरुवात केली, “की भावोजी उदार होते. आता प्रथम विरुद्ध बाजू मांडतो. पूर्ण ताकदीनं.”

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

“या इमारतीतल्या काही जणांचं मत असं, की भावोजी मागून नेलेली वस्तू परत करत नसत. उदाहरणार्थ, सुतारांचं ड्रिल मशीन. आधार : खुद्द सुतार, प्रत्यक्ष मुलाखत, जिन्याखाली.”

“अहो!” सुतार ताडकन उठला. “ते मी खाजगीत बोललो होतो!”

“म्हणूनच आधार दिला. शिंपीणबाईंचा टेबलफॅन. आधार : शिंपीणबाई, उंबऱ्यावर, डोळ्यांत पाणी आणून.”

“पाणी मीटरदादांसाठी होतं हो,” शिंपीणबाई कळवळून म्हणाल्या. “फॅनसाठी नव्हतं.”

“माझी शिडी राहिली!” मागून कंपाउंडर ओरडला. त्याला वाटलं, यादी वाचून दाखवतायत म्हणजे वस्तू मिळणार. मग काय विचारता! कोणाची हातोडी निघाली, कोणाची इस्त्री. सेक्रेटरी माइककडे झेपावले. “ही शोकसभा आहे! हरवल्या-सापडल्याचं ऑफिस नाही!” आणि मग जरा खालच्या आवाजात, “तसा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, माझी घडीची खाटही...”

“आणि आपला कुकर?” हा आवाज त्याच्या बायकोचा होता.

“अगं, तू घरची ना!” मेकॅनिक माइकमध्येच बोलून गेला.

त्याने कागद उलटला. मागच्या बाजूला ‘उत्तर’ असं लिहून खाली रेघ ओढली होती, आणि रेघेखाली काही नव्हतं. ताई त्याच्याकडे एकटक बघत होती. आपण हिच्या नवऱ्याला भरसभेत भुरटा ठरवलं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“ताई,” तो म्हणाला, “माझ्याकडे पुरावा नाही.”

शिंपीणबाईंनी चाचरत विचारलं, “सुतारदादा, तुमचं ते ड्रिल हिरवं होतं का? मुठीला चिकटपट्टी?”

“होय. का?”

“ते माझ्याकडे आहे. माझ्या पडद्यांच्या दांड्या पडलेल्या बघितल्या आणि मीटरदादा घेऊन आले. म्हणाले, पडूनच होतं, द्या सावकाश.”

“पडून? अहो, माझं पोट आहे त्याच्यावर!” सुतार म्हणाला आणि मध्येच थांबला. “तुमचा फॅन... एक पातं पिवळं?”

“हो!”

“आमच्या बाळंतीण सुनेच्या खोलीत आहे,” सुतार खाली बसत म्हणाला. “उकाड्यानं बाळ रडत होतं. मला वाटलं, दादांचाच.”

कंपाउंडरची शिडी सेक्रेटरींच्या माळ्याला लावलेली निघाली. सेक्रेटरींची खाट कंपाउंडरच्या गावाहून आलेल्या सासऱ्यांखाली होती. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. मीटरच्या निमित्ताने भावोजी प्रत्येक घरात जायचे. कोणाला काय कमी आहे आणि कोणाकडे काय धूळ खात पडलंय, हे त्यांच्याइतकं इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. माणूस उदार होता, यात शंका नाही. फक्त दुसऱ्यांच्या वस्तूंच्या बाबतीत.

लोक हसायला लागले होते. एवढ्यात ताई उभी राहिली आणि हसू थांबलं.

“माझा रेडिओ,” ती म्हणाली. “आईनं दिलेला. दुरुस्तीला टाकलाय म्हणायचे. रोज विचारायचे मी. त्या दिवशी सकाळीही त्याच्यावरूनच भांडले. म्हटलं, विकून टाकलात असं सांगा ना एकदाचं! चपला घातल्या आणि गेले.” तिने हॉलभर नजर फिरवली. “तो कोणाकडे आहे?”

मेकॅनिकला ताईकडे बघवेना. ती का रडत नव्हती, ते त्याला आत्ता कळलं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. मॅडम उभ्या होत्या, वर्गात एखादी मुलगी उत्तर द्यायला उभी राहते तशा.

“माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या. “माझे वडील अंथरुणाला खिळलेत. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मीटर बघायला एक गृहस्थ आले, आणि पुढच्या खेपेला रेडिओच घेऊन आले. म्हणाले, आमच्याकडे कोणी ऐकत नाही. ते हेच, हे मला इथे फोटो बघून कळलं.”

“कोणी ऐकत नाही म्हणे!” ताई म्हणाली. “मी काय भिंत होते?”

“मी उद्याच आणून देते.”

“तुमचे बाबा ऐकतात?”

“दिवसभर. बंद केला की आरडाओरडा करतात.”

ताईने फोटोकडे बघितलं.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “बातम्यांना खरखरतो. वरून एक थाप मारायची.”

“मारते,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं होतं.”

“खोटारडा माणूस,” ताई म्हणाली, खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली.

सेक्रेटरींनी मेकॅनिकला कोपराने ढोसलं. “समारोप करा, समारोप.” त्याने सवयीने मॅडमकडे बघितलं. डोळे पुसत त्यांनी नको अशी मान हलवली. त्याने माइक खाली ठेवला आणि तो ताईशेजारी जाऊन बसला.