गाळलेला समुद्र

गती: एक

पोवळं उघडत नव्हतं.

नवीन जालन्यात दीपचंद यांचं बियाण्यांचं दुकान आणि वर घर. घराच्या हॉलमध्ये, सोफा आणि टीव्हीच्या मधोमध, त्यांच्या मुलानं, श्रेयांसनं, काचेच्या टाकीत समुद्र केला होता. खारं पाणी, वाळू, एक जिवंत पोवळं, दोन नारिंगी मासे. पाणी खेळतं राहावं म्हणून दगडाआड एक पंप. पंपाला गती एक ते पाच.

एकवर पाणी इतकं सुस्त, की पोवळ्यावर गाळ बसला.

"नळ कधी येईल पत्ता न्हाई, अन् आमच्या घरात समुद्र," दीपचंद म्हणाले. "ड्रिप टाक त्याला. बराबर मुळाशी जातं पाणी."

"पप्पा, त्याला मुळं नसतात."

"मंग झाड कशाचं ते?"

"झाड न्हाई. जीव आहे तो."

हे ऐकून श्रेयांसची आई, भगवतीदेवी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मंगळासाठी लग्नापासून बोटात असलेल्या अंगठीतल्या पोवळ्याकडे त्यांनी पाहिलं.

"म्हणजे हाही?"

"तो सांगाडा आहे, मम्मी. जीव केव्हाच गेला त्यातला."

अंगठी त्याच क्षणी उतरली आणि कापसात गुंडाळून डबीत गेली.

"आता टाकीतला हा जीव माझ्यासमोर गेला," त्यांनी जाहीर केलं, "तर मी या हॉलमध्ये बसणार न्हाई."

"ऐकलंस?" दीपचंद म्हणाले. "तुझी आई हॉलमधून उठली, की समुद्रही उठला."

गती: पाच, तीन, चार, दोन, पुन्हा तीन

पाचवर वाळूचं वादळ. मासे काचेला चिकटले. पोवळं दोरीवरच्या धोतरासारखं फडफडलं आणि घट्ट मिटलं. तीनवर अर्धं मिटलं. दोनवर उजवी बाजू खूश, डावी नाराज.

श्रेयांस दुकानातून दर थोड्या वेळानं वर येऊन विचारायचा, "उघडलं का?"

"माझी तब्येत एवढी कधी विचारली न्हाई," त्याची बायको कनिका म्हणाली.

"तू कुठं मिटून बसतेस?"

"बसून बघू?"

पोवळं पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं एकच उत्तर होतं: झोत नको, झुळूक द्या, आणि सगळ्या बाजूंनी द्या. ती कशी द्यायची, हे कुणीच सांगत नव्हतं.

शेवटी श्रेयांसनं चिडून बटण पाचवर नेलं आणि टाकीकडे पाठ फिरवली. बरेच दिवस तो टाकीशी बोललाच नाही.

गती: पाच

मग एका सकाळी कनिकाची हाक आली.

पोवळं उघडलं होतं. अख्खं. त्याचं प्रत्येक बोट हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यासारखं डुलत होतं. मासे मजेत. वाळू जागच्या जागी.

"पाच!" श्रेयांस ओरडला. "मी उगीच भिऊन राह्यलो होतो!"

त्यानं ग्रुपवर व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं: घाबरू नका. सरळ पाचवर लावा.

लोकांनी लावलं. अकोल्याच्या एकाच्या टाकीत वाळूचा डोंगर झाला. आणि तीर्थपुरीहून दातांचे डॉक्टर मच्छिंद्र मोटरसायकल काढून थेट जालन्याला आले.

गती: पाच, डॉक्टरांसमोर

"तुमच्या पाचनं माझा मासा टाकीबाहेर आल्ता!" डॉक्टर दारातूनच म्हणाले. "पेशंटच्या मांडीवर! दाढ काढून बसला होता बिचारा, तोंडात बोळा. ओरडताही येईना त्याला."

"मासा?"

"वाचला. पेशंट पळाला."

"साहेब, चहा घ्या अन् डोळ्यानं बघा." श्रेयांस टाकीकडे वळला. "अरे, पंप कुणी बंद केला?"

त्यानं बटण दाबलं.

पाणी उसळलं. डॉक्टरांच्या

शर्टावर. दीपचंद यांच्या

चहात.

पोवळं मिटलं.

"बंद कर, जल्दी बंद कर!" भगवतीदेवी गॅलरीतून धावत आल्या. हातात पांढरं, ओलसर फडकं. "गाळणं वाळून राह्यलं होतं ना!"

"कशाचं गाळणं?"

"नळाला बांधतो तसलं." बारीक जीव मरू नयेत म्हणून या घरात पाणी दुहेरी फडक्यातूनच यायचं. "तू रागानं पाचवर केलंस, त्याच सकाळी अख्ख्या पंपाला बांधलं मी. आत पंखा फिरतो, बारीक जीव सापडले तर? अन् स्विच बंद करून बांधते. येडी न्हाई मी."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "अन् फडक्यात जे अडकतं ते?"

"परत त्याच पाण्यात सोडायचं. रोज सकाळी पोवळ्यासमोर झटकते."

"म्हणजे रोज ताट वाढून," डॉक्टर पुटपुटले.

भगवतीदेवींनी फडकं बांधलं. श्रेयांसनं पंप लावला. पाचचा झोत फडक्यात शिरला आणि झुळूक होऊन चहूबाजूंनी बाहेर आला. दुसरा चहा येईस्तोवर पोवळ्याचं एक बोट उघडलं. मग दुसरं. दीपचंद काचेशी वाकले.

"मावशी," डॉक्टरांनी हात जोडले, "एक गाळणं मलाही द्या."

भगवतीदेवींनी कपाटातून नवी मलमल काढून टर्रकन अर्धी फाडली. "धुऊन घ्या. साबण न्हाई लावायचा."

श्रेयांस पाया पडायला वाकला.

"पाया नंतर पड. आधी सांग, एवढं जोरात कशाला लावतोस? मासे दमत असतील."

गती: चार

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवतीदेवी हॉलमध्येच बसल्या होत्या, टाकीसमोर, मांडी घालून. श्रेयांसला टाकीत, पोवळ्याच्या पायाशी, एक लाल ठिपका दिसला. शेजारी टीपॉयवर डबी. डबीत खडा काढलेली अंगठी.

"मम्मी, हे…"

"एवढी वर्षं माझा मंगळ सांभाळला त्यानं," त्या म्हणाल्या. "कधी तक्रार न्हाई, काही न्हाई. आता आपल्या माणसांत राहू दे त्याला."

तो सांगाडा आहे, हे श्रेयांसच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. वाकून हळूच बटण एक घर खाली आणलं.

नव्या पाहुण्याला पाण्याची सवय होईपर्यंत.