एका पानात एकच आवाज

जाड अक्षरांनी भरलेला कागद समोर ठेवला की युसूफभाई कानांत बोटं घालतात. डोळ्यांना त्रास झाला असता तर समजलं असतं, पण कान? वर मलाच सांगतात, "गुरुजी, हा कागद बोंबलून राह्यला."

कळंबला माझ्या शाळेच्या वाटेवर त्यांचा छापखाना आहे. शिशाचे अक्षर-खिळे एकेक जुळवून छापायचा, जुना. त्यात त्यांच्या वडिलांनी आणलेला एक जाड टाईप आहे. उभे दांडे भरदार, सांधे बारीक, टोकं बोरूनं ओढल्यासारखी तिरपी. देखणा आहे, यात वाद नाही. पण तो बाहेर काढायचा म्हटलं की या माणसाच्या जिवावर येतं. "हा घरातला बुढा आहे. त्यानं एकदाच बोलावं. एका पानात एकच आवाज, बाकी चूप."

लग्नपत्रिकेत मामांचं नाव जाड हवं, काकांचंही हवं, नाहीतर मांडवात रुसवेफुगवे ठरलेले. माझ्या मुलीच्या पत्रिकेत यांनी फक्त तिचं नाव जाड केलं. थोरले काका अक्षता टाकून न जेवता गेले. मी जाब विचारला, तर म्हणतात, "लग्न काय काकाचं होतं?"

पुढे कापसाचे वाईट दिवस आले आणि लग्नपत्रिकाही आटल्या. जुबेदाभाभी साड्यांना फॉल लावून घर ओढू लागल्या. मला बघवेना. मीच बियाण्याच्या एका एजंटाला पत्रकं छापायला युसूफभाईंकडे नेलं. त्याला सगळंच जाड हवं होतं: भरघोस, दमदार, हमखास. युसूफभाईंनी मजकूर मुकाट घेतला. मला वाटलं, सुधारले. पत्रकं हातात आली तेव्हा सगळं बारीक, आणि खाली कोपऱ्यातली एकच ओळ जाड: 'ओलिताची सोय असेल तरच लावावे.' एजंटानं गठ्ठा तिथंच आपटला आणि यवतमाळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेला. त्याच्यामागे बाकीचे एजंटही गेले.

मी भांडलो. म्हटलं, "तुमच्या हट्टापायी भाभींनी अजून किती साड्या शिवायच्या?"

"त्या पानात कामाचं तेवढंच होतं, गुरुजी."

भाभी चहाचे कप ठेवून आत गेल्या. पुन्हा फॉल लावायला बसल्या, म्हणून मला आणखीच चीड आली.

पुढच्या हिवाळ्यात भाभी तापानं गेल्या. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाची पत्रिका युसूफभाईंनी स्वतः जुळवली आणि प्रूफ वाचायला मला बोलावलं. आज तरी तो टाईप निघाला असेल, अशा आशेनं मी कागद घेतला. सगळं बारीक. भाभींचं नावसुद्धा. माझं डोकंच फिरलं. जिनं जन्मभर या माणसाचा हट्ट निभावला, तिच्या वाट्याला एक जाड ओळ येऊ नये?

"युसूफभाई, एका पानात एक आवाज ना? मग या पानात कुठं आहे?"

ते रॉकेलच्या फडक्यानं खिळे पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तिले मी कधी मोठ्यानं हाक नाही मारली, गुरुजी. मशीन चालू असली तरी नाही."

फडकं थांबलं.

"हळू बोलावलं तरी ती येत होती."

मी प्रूफवर कुठंही खूण केली नाही. तसंच परत दिलं.