काटेवाल्यांची न्हाणी

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. उन्हाळा लागून बारा दिवस झाले होते. त्या बाराव्या सकाळी काटेवाल्यांनी ठरवलं, की आपल्या घरात पाणी गळतंय.

काटेवाले म्हणजे वखारीत पस्तीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला माणूस. भरलेली गाडी आली, की ते आकडा सांगत आणि मालकसुद्धा तो पुन्हा बघत नसे. काटा वाचण्यात हा माणूस चुकत नाही, एवढाच लौकिक निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी उरला होता. (बाकी बऱ्याच बाबतीत ते चुकत, त्याची नोंद बायकोकडे होती.)

दोन घरांचे दोन पाण्याचे मीटर फाटकाशेजारी एकाच खड्ड्यात होते. घरातले सगळे नळ बंद करून काटेवाले खड्ड्याशी उकिडवे बसले. काटा फिरतच होता.

"गळती आहे," ते म्हणाले.

"मग ओल कशी कुठं दिसत नाही?" बायकोनं विचारलं.

"छुपी आहे."

नळवाल्यानं न्हाणीची फरशी उखडली. खाली कोरडं ठणठणीत. मग भिंत फोडली. तीही कोरडी. तिसऱ्या दिवशी मोरी गेली. आता न्हाणीत बादली सरळ उभी राहील एवढीही जागा उरली नव्हती, आणि काटा फिरतच होता.

"काका, रागावू नका," नळवाला म्हणाला. "हा मीटर तुमचाच ना?"

"मी पस्तीस वर्षं काटा वाचलाय."

"वाचता बरोबरच हो. पण कुणाचा?"

"तू फोड."

चौथ्या दिवशी शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी झाडांना पाणी घालायला नळ सोडला. काटा पंख्यासारखा गरगरला. त्यांनी नळ बंद केला, काटा मंदावला. काटेवाल्यांनी खड्ड्यातला पाला बाजूला केला. खाली दुसरा मीटर होता आणि त्याचा काटा निपचित पडला होता.

कुणी पाहिलं नव्हतं. काटेवाल्यांनी पाला परत सारला आणि ते उठले.

"काका," बाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुम्हाला विजेतलं काही कळतं का? चार दिवस झाले, शिवणयंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात. थकव्यानं असेल म्हणा."

"यंत्र कुठं आहे?"

"भिंतीला लागून."

"भिंत ओली आहे?"

"गारसर लागते खरी."

काटेवाल्यांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. एकीकडे पस्तीस वर्षांचं नाव, दुसरीकडे बाईंचा हात. (भरल्या गाडीलाही एवढा वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता.)

"यंत्राला शिवू नका. मेन स्विच बंद करा," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "चार दिवस मी तुमचा मीटर वाचत होतो."

मागे बायको उभी होती. नळवाल्याला खोकल्याची उबळ आली.

पण बाईंच्या भिंतीचा गिलावा काढला तेव्हा त्याचा खोकला थांबला. पाइपातून बारीक चिळकांडी उडत होती, थेट विजेच्या वायरीवर.

"बाई, आणखी दोन दिवस गेले असते तर..." तो म्हणाला.

काटेवाले त्याला म्हणाले, "तू विचारलं होतंस. बरं केलंस." असं ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते.

बाईंनी डोळे पुसले. "काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

"काही नको."

"काही नको कसं?" बायको म्हणाली. "आपल्याला न्हाणी कुठं आहे?"

दुसऱ्या दिवसापासून काटेवाले टॉवेल खांद्यावर टाकून बाईंच्या दारात उभे राहू लागले. बाई बादली भरून तयार ठेवत आणि मापं द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "यांच्यामुळं मी वाचले. माझी गळती शोधायला यांनी स्वतःचं घर फोडलं."

ओल्या अंगानं, टॉवेल सावरत काटेवाले रोज हे कौतुक ऐकत. एकदा त्यांनी तोंड उघडलं, "खरं म्हणजे..."

"चला," बायको म्हणाली, "माझा नंबर आहे."

दहाव्या दिवशी त्यांच्या न्हाणीला नवी फरशी बसली. काटेवाले बाईंच्या दारात गेले.

"उद्यापासून घरी," ते म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं. (अंघोळ करताना काटेवाले गातात, हे एव्हाना सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक झालं होतं.)

"म्हणजे फिटले का उपकार, काका?"

"फिटले."